जोडलेले जग आणि जोखमीचा उतार

१९ ऑगस्ट २०२५ रोजी पोळा तीन दिवसांवर आला होता आणि विदर्भातल्या कपाशीला पाते-फुले लागत होती. त्या दिवसापासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती; दहा दिवसांच्या आत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. या निर्णयाचे कारण यवतमाळ-अकोल्यात शोधून सापडणार नाही. भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावायचे अमेरिकेने ठरवले होते आणि २७ ऑगस्टपासून ते लागू होणार होते. तिरुप्पूरसारख्या ठिकाणच्या तयार कपड्यांच्या उद्योगावर कुऱ्हाड कोसळणार हे दिसत होते, तेव्हा निदान कच्चा माल तरी स्वस्त मिळावा, असा हा दिलासा होता. तो देणे चूक होते असे कुणी म्हणणार नाही. त्या कारखान्यांतही हातावर पोट असलेली माणसे राबतात. पण बियाणे, खत आणि फवारणीवर खर्च करून बसलेल्या कापूस उत्पादकाला त्याची किंमत मोजावी लागणार होती, आणि त्याला कुणी विचारले नव्हते. नवा कापूस घरात यायच्या आत परदेशी गाठींचा रस्ता मोकळा झाला होता.

आपण जोडलेल्या जगात राहतो, हे वाक्य आता गुळगुळीत झाले आहे. ते अनिश्चित आहे, हेही सगळे म्हणतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एवढ्यावर थांबले की मुख्य मुद्दा निसटतो. दूर कुठेतरी उठलेली अनिश्चितता आपल्यापर्यंत पोहोचते खरी. ती शेवटी कुणाच्या पदरात पडते? पाण्याला उतार लागतो तसा जोखमीलाही लागतो, आणि हा उतार निसर्गाने दिलेला नसतो. नियम, करार, कर्जाच्या अटी, गोदामे आणि सरकारी आदेश मिळून तो घडवतात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या अनुभवातून हा उतार कसा तयार होतो आणि तो बदलता येतो का, याचा हा आढावा.

जुनीच साखळी

जगाशी जोडले जाणे १९९१च्या आर्थिक सुधारणांपासून किंवा इंटरनेटपासून सुरू झाले, असा एक समज आहे. वऱ्हाडाचा इतिहास वेगळे सांगतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्या तोवर तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून आणत होत्या. तो बंद झाल्यावर इंग्लंडची नजर मुंबई बंदराकडे वळली. भाव गगनाला भिडले, मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांभोवती बँका आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांच्या शेअरांवर सट्टा चालला. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, त्याबरोबर मुंबईचा शेअर बाजारही कोसळला आणि बँक ऑफ बॉम्बे बुडीत निघाली.

शहराची ही कथा पुष्कळदा सांगितली जाते. गावाची कथा तितकी सांगितली जात नाही. तेजीच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली होती. त्याच दशकात सरकारने जमीन महसुलाची फेरआकारणी करून सारा वाढवला. भाव उतरले तरी सारा उतरला नाही आणि सावकाराचे व्याज तर नाहीच नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल करून कर्जरोखे जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. या दंग्यांमागे कापसाच्या मंदीचा वाटा किती आणि साऱ्याचा, कोर्टकचेऱ्यांचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र उत्पन्न जगाच्या बाजाराबरोबर हलते आणि देणी जागची हलत नाहीत, या कैचीत शेतकरी सापडला होता, एवढे स्पष्ट आहे. सरकारलाही १८७९चा दख्खन कृषक सहाय्य कायदा करावा लागला.

जोडणीचा वेग तोवर वाढला होता. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, १८७० साली समुद्राखालच्या तारेने मुंबई आणि लंडन जोडले गेले, त्याच वर्षी खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वे पोहोचली. लिव्हरपूलचा भाव आता आठवड्यांऐवजी तासांत मुंबईच्या पेढीवर येऊ लागला. शेतकऱ्यापर्यंत तो कधी पोहोचायचा, हे मात्र पेढीवाल्याच्या मर्जीवर होते.

याच जोडणीची दुसरी बाजू १८९६ साली दिसली. त्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. तो बहुधा हाँगकाँगकडून जहाजांतून आला होता. त्यावरची लस मुंबईतच तयार केली वाल्डेमार हाफकिन यांनी. ते ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले शास्त्रज्ञ. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. रोगही समुद्रमार्गे आला आणि औषध करणारा माणूसही. म्हणून जोडणीवर सरसकट राग धरून चालत नाही. पण प्लेगने झोडपले ते प्रामुख्याने चाळींत दाटीवाटीने राहणाऱ्यांना, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला.

अभ्यासकांनी दिलेली साधने

या प्रश्नावर विचार करताना तीन नावे टाळता येत नाहीत. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली एक फरक दाखवला. काही धोक्यांची शक्यता मोजता येते, म्हणून त्यांचा विमा उतरवता येतो; काही गोष्टींची शक्यता मोजायलाच आधार नसतो. गारपीट किती वर्षांतून एकदा होते याचा अंदाज बांधता येईल. उद्या दिल्लीत कोणता आदेश निघेल याचा कसा बांधणार? चार्ल्स पेरो यांनी १९८४ साली थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीतल्या अपघाताचा अभ्यास करून सांगितले की, जिथे सगळे भाग एकमेकांत घट्ट अडकलेले असतात आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नसते, तिथे मोठे अपघात अपवाद राहत नाहीत. ते त्या रचनेतच असतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिख बेक यांनी १९८६ साली ‘जोखीम समाज’ ही कल्पना मांडली: आधुनिक समाज संपत्तीबरोबर धोकेही निर्माण करतो, आणि हे धोके सीमा किंवा श्रीमंती पाहून थांबत नाहीत.

या साधनांचे मोल मोठे आहे. पण ती युरोप-अमेरिकेत घडली आणि आपल्याकडे आणली की बेक यांच्या मुद्द्याला पुरवणी जोडावी लागते. धोका श्रीमंतांपर्यंतही पोहोचतो, हे खरेच. पण ज्याच्याकडे वेळेवर माहिती आहे, थांबण्याची ताकद आहे आणि ज्याचा शब्द निर्णय घेणाऱ्यांच्या कानावर जातो, तो सावरतो. ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी नाहीत, तो त्याच धक्क्याने उद्ध्वस्त होतो. पुढची उदाहरणे तपासताना हीच कसोटी मी लावली आहे.

कांदा: थांबण्याची ताकद

लासलगावच्या बाजार समितीत लिलावाला लागलेल्या ट्रॅक्टरांची रांग पाहिली की वाटते, हा सगळा खेळ नाशिक जिल्ह्याचा. पण त्या रांगेतल्या कांद्याचा भाव ढाका, कोलंबो, दुबई आणि दिल्ली मिळून ठरवतात. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. पात चांगली सुकवून तो चाळीत भरतात. कांदा चाळ ही साधी पण फार विचाराने बनलेली गोष्ट आहे: जमिनीपासून उचललेला तळ, खालून आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशा पट्ट्या, रुंदी मुद्दाम कमी, कारण ढीग रुंद झाला की मधला कांदा तापून सडतो. चांगला कांदा असा चार-पाच महिने राहतो. या काळात वजन घटते, काही सडतो, पावसाळ्याच्या शेवटी मोड फुटू लागतात. दर आठवड्याला शेतकऱ्याला ठरवावे लागते, आज विकायचे की थांबायचे. तरीही चाळ म्हणजे त्याच्या हातातली थोडी सत्ता आहे. बाजार पडला तर तो थांबू शकतो.

खरिपाच्या लाल कांद्याला ही सोय नाही. तो टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. म्हणून ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी लागू झाली ती नेमकी वर्मी बसली. त्या वेळी बाजारात लाल कांद्याचीच आवक होती. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, आणि काही दिवसांत भाव जवळपास निम्म्यावर आले. बंदी आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, ती पुढे वाढली आणि ४ मे रोजी उठली, तीही टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क यांसह. १ एप्रिल २०२५ रोजी शुल्क पूर्ण हटले, तोवर ग्राहक देशांनी पाकिस्तान, चीन असे दुसरे दरवाजे शोधले होते.

या बंदीच्या मागची साखळीही पाहायला हवी. २०२३ साली प्रशांत महासागर तापला, एल निनो आला, आणि देशभरातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कांदा महागेल या धास्तीने त्याच महिन्यात निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये थेट बंदी. शहरातल्या गरीब घराला ६०-७० रुपयांचा कांदा परवडत नाही, ही चिंता खोटी नाही. पण ती चिंता दूर करण्याचा सगळा खर्च एकट्या कांदा उत्पादकाकडून वसूल झाला. शिवाय भाव चढले की सरकार निर्यात रोखते, आणि ते पडले की त्याला वाऱ्यावर सोडते. म्हणजे वरची बाजू त्याच्यासाठी बंद आणि खालची उघडी. याचे ओरखडे सीमेपलीकडेही उमटतात. २०१९च्या सप्टेंबरमध्ये अशीच बंदी आली तेव्हा बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या एका कार्यक्रमात, आधी कळवले असते तर बरे झाले असते, अशा अर्थाची तक्रार केली होती. एका देशाच्या पंतप्रधानांना जे आधी कळत नाही, ते निफाडच्या शेतकऱ्याला कसे कळणार?

द्राक्ष: माहिती कुणाकडे?

द्राक्ष बागायतदार तसे जगाशी जोडून घेण्यात सर्वांत पुढे गेलेले शेतकरी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, विरळणी, डिपिंग, मण्यांचा आकार मिलिमीटरमध्ये मोजणे, हे सारे युरोपच्या ग्राहकाकडे डोळे लावून चालते. २०१० साली याच बागायतदारांवर मोठा घाला आला. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी ‘सीसीसी’ म्हणजे क्लोरमेक्वॅट क्लोराइड वापरण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली होती. युरोपात त्या हंगामात त्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला. इथल्या निर्यातीपूर्वीच्या तपासणीत या रसायनाकडे तोवर लक्षच दिले गेले नव्हते. म्हणजे बागायतदाराने सांगितलेल्या सगळ्या चाचण्या पार केल्या होत्या आणि तरीही तो नापास झाला. युरोपच्या ग्राहकाला निर्धोक फळ मिळायलाच हवे. प्रश्न एवढाच की, नियम काय आहे हे ज्यांनी वेळेवर सांगायला हवे होते त्यांचे काही बिघडले नाही, आणि ज्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता तो कर्जात बुडाला.

त्यानंतर तपासणीची यादी वाढली, बागेची नोंदणी आणि माग काढण्याची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था घट्ट झाली. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’सारख्या शेतकऱ्यांच्या कंपन्यांनी स्वतःची पॅकहाउस, शीतगृहे आणि प्रक्रिया उद्योग उभे केले. अशी संस्था असली की परदेशातला बदललेला नियम शेवटच्या बागेपर्यंत हंगामाआधी पोहोचतो. तिच्याही हाताबाहेरच्या गोष्टी राहतातच. २०२३च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालू लागले. नाशवंत फळाचा प्रवास कित्येक दिवसांनी लांबला, भाडे चढले. सुएझ कालवा खुला होण्यापूर्वीचा रस्ता २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांच्या नशिबी आला. पण एकट्या बागायतदाराने तो फटका झेलणे आणि हजारो शेतकऱ्यांच्या संस्थेने वाटून घेणे यात फार फरक आहे.

सोयाबीन आणि खनिज

सोयाबीनची गोष्ट थोडक्यात. २०२१च्या ऑगस्टमध्ये लातूर-अकोल्याच्या बाजारांत भाव क्विंटलला १० हजारांच्या वर गेले. कोंबडीखाद्य महागले म्हणून पोल्ट्री उद्योगाने ओरड केली, केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आले. १० हजारांचा भाव पाहिला तो बहुतेक व्यापाऱ्यांनी. शेतकऱ्याचे पीक तेव्हा शेतात उभे होते. पुढच्या वर्षी युक्रेनचे युद्ध आणि एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पाम तेलावर घातलेली बंदी यांमुळे तेल पुन्हा भडकले. गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण बाहेरून आणतो, त्यामुळे जकार्तातला आदेश थेट आपल्या फोडणीपर्यंत येतो.

गोव्याने हाच अनुभव खनिजात घेतला. चीनच्या पोलाद उद्योगाची भूक वाढली तशी गोव्यातल्या कमी प्रतीच्या लोहखनिजालाही मागणी आली. निर्यात वर्षाला ५ कोटी टनांच्या घरात पोहोचली. सांगे, डिचोली, सत्तरी भागात लोकांनी कर्जे काढून ट्रक घेतले, मांडवी-झुआरीत बार्जेस वाढल्या. शेते मातीखाली गेली, विहिरी आटल्या, धुळीने गावे लाल झाली. बेकायदा उत्खनन उघड झाल्यावर २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राज्य सरकार आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या आदेशांनी खाणी बंद झाल्या. त्या बंद होणे गरजेचे होते. पण खाणीच्या तेजीत ज्यांनी अफाट कमावले त्यांच्या गाठीला पैसा होता. ट्रकवाल्याच्या दारात उभा ट्रक आणि बँकेचा हप्ता राहिला. ज्या गावाने शेती गमावली होती, त्याला परत जायला शेतीही उरली नव्हती.

महासाथ: आवाज कुणाचा?

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण सापडले. ते दुबईहून परतलेले होते. विषाणू विमानाने आला. त्याचे सर्वांत क्रूर ओझे मात्र ज्यांनी विमान आतून कधी पाहिले नव्हते त्यांनी वाहिले. २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली, ती जेमतेम चार तासांच्या सूचनेवर. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड इथे मालगाडीखाली १६ मजूर चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसे मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाली होती, रुळांच्या कडेने चालत होती, थकून रुळांवरच झोपली होती. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले होते. माहिती नाही, थांबायला जागा नाही, ऐकणारे कुणी नाही, अशा अवस्थेत जोडलेल्या जगाचा धक्का बसला की काय होते, ते त्या पहाटे दिसले. या १६ जणांचा मृत्यू विषाणूच्या खात्यावर लिहिता येणार नाही.

त्याच काळात पुणे जगाच्या केंद्रस्थानीही होते. सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या लशीवर ‘कोव्हॅक्स’ या जागतिक योजनेची भिस्त होती. १६ एप्रिल २०२१ रोजी संस्थेचे प्रमुख अदर पूनावाला यांना थेट अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीर विनंती करावी लागली, कारण लसनिर्मितीला लागणारा कच्चा माल तिथल्या निर्बंधांत अडकला होता. दुसरीकडे आपल्याकडे दुसरी लाट उसळल्यावर भारताने लशींची निर्यात थांबवली. ती ‘कोव्हॅक्स’साठी नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या महिन्यांत आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतल्या परिचारिका आणि वृद्ध माणसे दुसऱ्या मात्रेची वाट पाहत राहिली. आपल्या घरात मृत्यूचे थैमान चालू असताना लस आपल्या माणसांना आधी, हे समजण्यासारखे आहे. तरीही हे मान्य करायला हवे की उताराच्या तळाशी नेहमी आपणच असतो असे नाही. लासलगावचा शेतकरी दिल्लीच्या आदेशाने जसा अगतिक झाला, तशाच अगतिकतेने कुणीतरी नैरोबीत पुण्याकडे पाहत होते.

यंत्रांची घट्ट वीण

कारखाने आणि संगणक यांच्या जगात पेरो यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. माल साठवून ठेवणे म्हणजे पैसा अडकवणे, म्हणून लागेल तेव्हा लागेल तेवढेच सुटे भाग मागवायची पद्धत जगभर रूढ झाली. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये हिमवादळ आले, मार्चमध्ये जपानमधल्या नाका इथल्या चिप कारखान्याला आग लागली, आधीच महासाथीने मागणीचे गणित विस्कटले होते. चिपअभावी चाकण-भोसरी पट्ट्यातल्या वाहन उद्योगाचे उत्पादन घटले. कायम कामगाराचा पगार बऱ्याच अंशी वाचला. कंत्राटी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नका’ एवढा निरोप पुरला. त्याच मार्चमध्ये ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले. सगळ्या जगाने आपापल्या अडकलेल्या मालाचा हिशेब केला. जहाजावरचे २५ खलाशी भारतीय होते, आणि भरपाईचा वाद मिटेपर्यंत जहाजाला ७ जुलैपर्यंत तिथेच थांबावे लागले.

१९ जुलै २०२४ रोजी तर कुठला भाग तुटलाही नाही. क्राउडस्ट्राइक या कंपनीने संगणक सुरक्षेसाठी पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी हाताने लिहून बोर्डिंग पास दिले. ज्या कामाची जुनी पद्धत कुणाला तरी आठवत होती, ते काम त्या दिवशी चालू राहिले. व्यवस्थेत थोडी सैल जागा, थोडा साठा, एक पर्यायी वाट ठेवणे हा वरवर खर्च वाटतो. संकटाच्या दिवशी तोच विमा असतो.

दोन मते

यावर उपाय काय, याची महाराष्ट्रात दोन ठळक उत्तरे दिली गेली. पहिले शरद जोशींचे. बर्न इथल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले आणि त्यांनी शेतकरी संघटना उभी केली. शेतकऱ्याला जगाचा बाजार मारत नाही, सरकार मारते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. म्हणूनच नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध बहुतेक चळवळी रस्त्यावर उतरल्या असताना ते त्याच्या बाजूने उभे राहिले. कांद्याच्या बंद्या पाहिल्या की त्यांच्या म्हणण्यातली धार आजही जाणवते.

दुसरे उत्तर भिंत बांधण्याचे. १९७२ पासून महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना राबवली: सगळा कापूस सरकारने घ्यायचा आणि हमीभाव द्यायचा. हेतू चांगलाच होता. पण राज्याबाहेर भाव चढला की कापूस चोरवाटांनी शेजारच्या राज्यांत जायचा आणि बाहेर भाव पडला की सगळा सरकारच्या गळ्यात पडायचा. ग्रेडिंगवरून भांडणे, चुकाऱ्यांना उशीर आणि वाढता तोटा यांनी योजना खिळखिळी झाली आणि शेवटी गुंडाळावी लागली.

भिंत टिकली नाही, हे दिसले. निव्वळ खुला बाजारही पुरत नाही, हे १८७५ने दाखवले होते. जोशी म्हणत तसे सरकारने हात काढून घेतला तरी अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला अनुदान देणे थांबवत नाही. दोन्ही मते बाजार उघडा की बंद, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. तोटा झाल्यावर तो कोणी किती उचलायचा, हा प्रश्न त्यांत मागे पडला.

एक आपलेच उत्तर

त्या प्रश्नाला महाराष्ट्राने एकदा फार चांगले उत्तर दिले होते. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना विस्तारली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क देणारे हे देशातले पहिले राज्य. या योजनेतला एक भाग फारसा बोलला जात नाही. तिचा खर्च भागवण्यासाठी १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला, शहरातल्या नोकरदार आणि व्यावसायिकांवर. आजही मुंबई-पुण्यातल्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते याच कराचे. कापले जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचा उगम माहीत आहे, कोण जाणे. पण कल्पना किती सरळ होती: पाऊस गेला तर तोटा एकट्या शेतमजुराचा नाही, तो शहरानेही थोडा थोडा उचलायचा. पुढे २००५ साली देशाने याच धर्तीवर कायदा केला, आणि टाळेबंदीत गावी परतलेल्या लाखोंना त्याचा आधार झाला.

हेच तत्त्व आजच्या धक्क्यांना लावता येईल, आणि ते लावायलाच हवे असे मला कळकळीने वाटते. ग्राहकाच्या हितासाठी निर्यात रोखायची असेल तर त्या दिवशी शेतात आणि चाळीत असलेल्या मालाच्या भावातली तूट तिजोरीने भरून द्यावी. ग्राहकाचे हित सगळ्यांचे असेल तर खर्चही सगळ्यांचा असावा. आयात-निर्यातीचे आदेश पेरणीआधी जाहीर व्हावेत आणि हंगामात बदलू नयेत. परदेशातल्या बदललेल्या नियमांची माहिती शेवटच्या बागेपर्यंत पोहोचवणे ही सरकारी यंत्रणेची जबाबदारी ठरावी आणि ती चुकली तर भरपाई तिने द्यावी. चाळी, शीतगृहे, शेतमाल तारणावर मिळणारे कर्ज यांवर पैसा घालावा, कारण थांबण्याची ताकद तिथून येते. कंत्राटी कामगाराला काम थांबल्याच्या काळातले किमान वेतन मिळावे, आणि उत्पादन थांबवणाऱ्या उद्योगाने त्यातला वाटा उचलावा.

यातले काहीही नाइट यांनी सांगितलेली न मोजता येणारी अनिश्चितता नाहीशी करणार नाही. युद्धे होतील, महासागर तापतील, नवे विषाणू येतील, आणि उद्याचा आदेश आज कुणाला कळणार नाही. पण तो आदेश आल्यावर कुणाचे घर बुडायचे, हे आधी ठरवता येते. आपण ते न ठरवता सोडून दिले, तर दर वेळी ते तळाशी असलेल्याचेच बुडते. पगारातून २०० रुपये देणाऱ्या शहराने आणि काम मागणाऱ्या गावाने मिळून एक उतार पन्नास वर्षांपूर्वी बदलला होता. आजच्या जोडलेल्या जगात तोटा वाटून घेण्याचे असे करार आणखी व्हायला हवेत, आणि त्यांची मागणी शेतकऱ्याच्या आधी शहराने करायला हवी.